गोणीवरचा आकडा

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. बांधावर खताच्या गोण्या रचून ठेवलेल्या दिसतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या पाहिल्या असतील, काहींनी पाठीवरून वाहिल्याही असतील. रिकामी गोणी तर घरोघरी असते. कोणी तिच्यात धान्य भरतो, कोणी तिची पिशवी शिवून घेतो. मुलांनो, पुढच्या वेळी युरियाची गोणी हाती आली, तर तिच्यावरचा मजकूर नीट वाचा. नायट्रोजन किंवा नत्र या शब्दापुढे एक आकडा लिहिलेला असतो : ४६ टक्के.

हा आकडा आला कोठून? तो ५० का नाही, ४० का नाही? गोणीत युरियाच भरलेला आहे, मग १०० टक्के का लिहीत नाहीत? या प्रश्नांची उत्तरे तुम्ही स्वतः काढू शकता. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातली आवर्तसारणी, एक कोरा कागद आणि पेन्सिल एवढे पुरे.

हिशेबाला बसण्यापूर्वी काही शब्द समजून घेऊ या. विज्ञान तुम्ही उर्दूतून शिकता. तुमच्या पुस्तकात ज्याला ‘उनसुर’ म्हणतात, त्याला मराठीत ‘मूलद्रव्य’ म्हणतात. ‘मुरक्कब’ म्हणजे ‘संयुग’. ‘दौरी जदवल’ म्हणजे ‘आवर्तसारणी’. येथपर्यंत काही अडचण नाही. पुढच्या दोन शब्दांना मात्र सांभाळा. ‘जौहर’ म्हणजे मराठीत ‘अणू’ आणि ‘सालिमा’ म्हणजे ‘रेणू’. हिंदीच्या पुस्तकात जौहरला ‘परमाणु’ आणि सालिम्याला ‘अणु’ म्हणतात. शब्द तोच, पण हिंदीत त्याचा अर्थ एक आणि मराठीत दुसरा! हिंदीची सवय असलेली मुले येथे हमखास फसतात, म्हणून आधीच सांगून ठेवले.

खताच्या दुकानात गेलात तर आणखी तीन शब्द कानांवर पडतील : नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्र म्हणजे नायट्रोजन. स्फुरद हा शब्द फॉस्फरससाठी आणि पालाश हा पोटॅशियमसाठी वापरतात. पालाश या शब्दात एक गंमत दडलेली आहे, ती पुढे येईलच.

आता आवर्तसारणी उघडा. रशियाचे शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तिची पहिली मांडणी केली. त्या वेळी मूलद्रव्ये साठच्या थोडी वर माहीत होती, आज ११८ आहेत. प्रत्येक चौकटीत मूलद्रव्याची संज्ञा असते आणि सहसा दोन संख्या असतात. त्यांतली लहान, पूर्ण संख्या हा अणुक्रमांक. दुसरी संख्या, जिच्यात बहुधा दशांश चिन्ह असते, ते अणुवस्तुमान. आपल्याला हवे आहे ते हेच. जुनी माणसे त्याला ‘अणुभार’ म्हणत. हायड्रोजनचे अणुवस्तुमान १.००८, कार्बनचे १२.०११, नायट्रोजनचे १४.००७ आणि ऑक्सिजनचे १५.९९९. शाळेच्या हिशेबाला १, १२, १४ आणि १६ धरले तरी चालते. एका मूलद्रव्याला मात्र असे गोल करू नका. ते म्हणजे क्लोरीन. त्याचे अणुवस्तुमान ३५.४५ आहे, कारण निसर्गात क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू मिसळलेले सापडतात. चारांपैकी सुमारे तीन ३५ चे आणि एक ३७ चा. सारणीत त्यांची सरासरी दिलेली असते. आपण ती ३५.५ धरू.

युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. आता बेरीज करा. कार्बनचे १२, ऑक्सिजनचे १६, नायट्रोजनचे दोनदा १४ म्हणजे २८, हायड्रोजनचे चारदा १ म्हणजे ४. एकूण ६०. हे युरियाचे रेणुवस्तुमान झाले.

पण ६० म्हणजे काय? ६० ग्रॅम? एक रेणू ६० ग्रॅमचा कसा असेल! तो तर कोणत्याही तराजूत मावणार नाही इतका हलका. येथे रसायनशास्त्राने एक सोय करून ठेवली आहे. बाजारात १२ केळ्यांना आपण एक डझन म्हणतो. डझनभर लिंबे आणि डझनभर टरबुजे यांची संख्या सारखीच, वजन मात्र वेगळे. रसायनशास्त्राचाही असाच एक ‘डझन’ आहे. त्याला मोल म्हणतात. मराठीत आणि उर्दूत मोल म्हणजे किंमत, पण हा मोल निराळा. एका मोलमध्ये किती कण असतात? ६०२२ हा आकडा लिहा आणि त्याच्यापुढे वीस शून्ये द्या. जवळजवळ तितके. २०१९ मध्ये जगभरच्या मापनसंस्थांनी हा आकडा कायमचा निश्चित केला. एवढे कण कोणी मोजत बसत नाही, ते तोलले जातात. घाऊक बाजारातही केळी कोणी एकेक करून मोजत नाही, क्विंटलवर तोलतात. तसेच हे.

सोय अशी, की रेणुवस्तुमानाचा आकडा घ्यायचा आणि त्याच्यापुढे ‘ग्रॅम’ लिहायचे. तेवढे ग्रॅम म्हणजे त्या संयुगाचा एक मोल. ६० ग्रॅम युरिया म्हणजे एक मोल युरिया. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी. युरियाचा एक मोल तुमच्या ओंजळीत सहज राहील. पाण्याचा एक मोल म्हणजे एखादा घोट.

आता ४६ कडे वळू. ६० ग्रॅम युरियात नायट्रोजन २८ ग्रॅम. मग १०० ग्रॅममध्ये किती? २८ ला ६० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर ४६.६७. सारणीतले दशांश जसेच्या तसे घेतले, तर ४६.६५. गोणीवर ४६ लिहिले आहे. म्हणजे कारखानदाराने आपल्याला थोडे कमी दिले का? तसे नाही. हा हिशेब अगदी शुद्ध आणि कोरड्या युरियाचा आहे. कारखान्यातल्या युरियात थोडी ओल असते आणि तयार होताना त्यातच बाययुरेट नावाचा दुसरा पदार्थ थोडासा तयार होतो. सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे युरियात निदान ४६ टक्के नत्र असलेच पाहिजे. शुद्ध युरियाचा आकडा त्याच्या थोडा वर, म्हणून गोष्ट जुळते. कोणी ४८ टक्के नत्राचा युरिया म्हणून काही विकू लागला, तर मात्र तो खोटे बोलतो हे तुम्हाला कागदावरच कळेल.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. ऐका. केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश द्यावे, अशी आपल्या भागासाठी शिफारस आहे. माती तपासून तीत कमी-जास्त होते, आणि हे खत एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने द्यायचे असते. शिफारस नत्राची आहे, युरियाची नाही. हजार झाडांना २०० किलो नत्र लागेल. ते युरियातून द्यायचे तर २०० ला ०.४६ ने भागा. ४३५ किलो युरिया. पूर्वी युरियाची गोणी ५० किलोची असे. तेव्हा हजार झाडांना नऊ गोण्या हा हिशेब बरोबर बसे, कारण नऊ गोण्यांत २०७ किलो नत्र येई. २०१८ पासून गोणी ४५ किलोची झाली. युरियाचा वापर कमी व्हावा हा त्यामागचा हेतू होता. आता नऊ गोण्यांत १८६ किलोच नत्र येते. जो किलोवर हिशेब करतो, त्याला हा फरक कळतो. जो ‘नऊ गोण्या’ एवढेच लक्षात ठेवतो, त्याच्या बागेत सुमारे १४ किलो नत्र कमी पडते आणि कशामुळे ते त्याला कळतही नाही.

युरियाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८२८ मध्ये फ्रीड्रिख वोलर या जर्मन शास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या क्षारापासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला. त्यापूर्वी युरिया प्राण्यांच्या शरीरातच तयार होतो असे लोक मानत. आता अमोनियम सायनेटमधले अणू मोजा : कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. म्हणजे तेच अणू आणि तितकेच. रेणुवस्तुमानही ६०. फक्त अणू एकमेकांना जोडलेले आहेत ते निराळ्या रीतीने. म्हणून बेरीज बरोबर आली याचा अर्थ पदार्थ तोच आहे असा होत नाही.

आता दुसरी गोणी घेऊ. केळीला पालाश फार लागतो. तो बहुतेक वेळा म्यूरेट ऑफ पोटॅश या खतातून देतात. हे खत भारतात जवळजवळ सगळे परदेशांतून येते, म्हणून त्याचा किलोकिलो जपून वापरावा लागतो. त्याचे रासायनिक नाव पोटॅशियम क्लोराइड. सूत्र सोपे आहे : पोटॅशियम १, क्लोरीन १. पोटॅशियमचे अणुवस्तुमान ३९ आणि क्लोरीनचे ३५.५. बेरीज ७४.५. त्यात पोटॅशियम ३९, म्हणजे ५२ टक्के. पण गोणीवर पाहा. तेथे लिहिले आहे ६० टक्के!

मघाशी गोणीवरचा आकडा आपल्या उत्तरापेक्षा थोडा कमी होता, तो समजला. हा तर जास्त आहे. शुद्ध पदार्थात ५२ च असेल, तर गोणीत ६० कसा येईल? हिशेब पुन्हा करून पाहा. तो बरोबरच आहे. गोणीवरचा आकडाही बरोबर आहे. मग घोटाळा कोठे आहे?

घोटाळा ‘पालाश’ या शब्दात आहे. पूर्वीचे रसायनशास्त्रज्ञ वनस्पती जाळून तिची राख तपासत. राखेत जे मूलद्रव्य सापडे, ते ऑक्साइडच्या रूपात आहे असे धरून त्याचे वजन लिहीत. ती पद्धत खतांच्या व्यवहारात आजही चालू आहे. खताच्या गोणीवर पालाश म्हणजे नुसते पोटॅशियम नव्हे, तर पोटॅशियम ऑक्साइड. त्याच्या सूत्रात पोटॅशियमचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. दोनदा ३९ म्हणजे ७८, अधिक १६, एकूण ९४. एवढ्यासाठी पोटॅशियमचे दोन अणू लागतात, म्हणून पोटॅशियम क्लोराइडही दोन घ्या : दोनदा ७४.५ म्हणजे १४९. आता ९४ ला १४९ ने भागा. ६३ टक्के. खत पूर्ण शुद्ध नसते, म्हणून गोणीवर ६०. हिशेब जुळला. लक्षात घ्या, त्या गोणीत पोटॅशियम ऑक्साइडचा एक कणही नाही. आकडा तेवढा त्याच्या नावाने लिहिला आहे.

राखेवरून आठवले. आवर्तसारणीत पोटॅशियमची संज्ञा ‘के’ आहे, ‘पी’ नाही. ती कालियम या लॅटिन नावावरून घेतली आणि कालियम हे नाव अरबीतल्या ‘अल-कली’ या शब्दावरून आले. अल-कली म्हणजे वनस्पतींची राख. अल्कली हा शब्दही त्यातूनच निघाला. तुमच्यापैकी ज्यांना अरबी वाचता येते, त्यांनी हा शब्द आपल्या उस्तादांना अवश्य विचारावा.

केळीची २०० ग्रॅम पालाशची शिफारसही याच पद्धतीने लिहिलेली आहे. म्हणून २०० ला ०.६० ने भागायचे. झाडाला सुमारे ३३३ ग्रॅम खत. एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘गोणीवरचे ६० चुकीचे आहेत, खरे पोटॅशियम ५२ च टक्के’, आणि ०.५२ ने भागेल. त्याचे उत्तर ३८५ ग्रॅम येईल. हजार झाडांना सुमारे ५१ किलो खत जादा पडेल, म्हणजे एका गोणीहून अधिक. त्याची बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. पण कशाचे टक्के हे त्याने विचारले नाही.

स्फुरदाचेही असेच आहे. तेथे फॉस्फरसचे २ आणि ऑक्सिजनचे ५ अणू असलेले ऑक्साइड धरतात. डीएपीच्या गोणीवर १८-४६ असे लिहितात. त्यातले ४६ हे स्फुरदाचे, युरियाच्या ४६ शी त्याचा संबंध नाही. एवढे सांगून पुढे जाऊ.

सूत्रात कंस आला की मुले घाबरतात. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. अमोनियम सल्फेट घ्या. त्यात अमोनियमचा गट कंसात लिहितात आणि कंसाबाहेर खाली २ लिहितात. त्या गटात नायट्रोजनचा १ आणि हायड्रोजनचे ४ अणू, म्हणजे १८. कंसाबाहेरचा २ सगळ्या गटाला लागू : ३६. पुष्कळ मुले २ ने फक्त हायड्रोजनला गुणतात आणि नायट्रोजनला विसरतात. पुढे गंधकाचे ३२ आणि ऑक्सिजनचे चारदा १६ म्हणजे ६४. सर्व मिळून १३२. नायट्रोजन २८, म्हणजे २१ टक्के. म्हणून अमोनियम सल्फेटची ५० किलोची गोणी युरियाच्या गोणीपेक्षा जड असली, तरी तिच्यात नत्र जवळजवळ निम्मेच असते. नुसत्या गोणीच्या भावावरून कोणते खत स्वस्त हे ठरवता येत नाही. पण त्यात २४ टक्के गंधक असते, युरियात ते मुळीच नसते. धुळे जिल्ह्यात भुईमूग लावणाऱ्याला गंधक हवेच असते. त्याला हे खत महाग पडले असे मी म्हणणार नाही.

धुळे जिल्हा आलाच आहे, तर कापसाचेही पाहू. शिरपूर, शिंदखेडा या भागांत कापूस मोठ्या प्रमाणावर होतो. त्याची पाने कधी कधी लाल पडतात. शेतकरी त्याला ‘लाल्या’ म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत. नत्राची कमतरता, पाण्याचा ताण, थंडी, तुडतुडे. मॅग्नेशियम कमी पडणे हेही एक कारण. तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. हे पांढरे स्फटिक हाताला कोरडे लागतात. पण त्याच्या सूत्रात शेवटी एक टिंब देऊन पाण्याचे ७ रेणू लिहिलेले असतात. टिंब पाहून काही मुले गुणाकार करतात. येथे बेरीज करायची असते. मॅग्नेशियम २४.३, गंधक ३२, ऑक्सिजन ६४ : झाले १२०.३. पाणी सातदा १८ म्हणजे १२६. एकूण २४६.३. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच! १० किलोच्या पिशवीत मॅग्नेशियम १ किलोसुद्धा भरत नाही. हेच स्फटिक तापवून सगळे पाणी घालवले, तर उरलेल्या पांढऱ्या पुडीत मॅग्नेशियम २० टक्के होते. नाव एकच, मॅग्नेशियम सल्फेट, पण एकात दुसऱ्याच्या दुप्पट. म्हणून पिशवीवर नावापुढे ‘हेप्टाहायड्रेट’ हा शब्द आहे का, ते पाहावे. हेप्टा म्हणजे सात.

एक गोष्ट हा हिशेब सांगू शकत नाही. गोणीत खरोखर तोच पदार्थ आहे का, त्यात कोणी मीठ किंवा वाळू मिसळली आहे का, हे आवर्तसारणी सांगणार नाही. त्यासाठी नमुना खत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेथेही हीच वस्तुमाने वापरून उत्तर काढतात. म्हणून खत घेताना पावती मागून घ्यावी आणि रिकामी गोणी हंगाम संपेपर्यंत फेकू नये. अब्बा किंवा चाचा शेती करीत असतील, तर त्यांना हे सांगा. पावती जपून ठेवण्याचे काम तुम्हीच अंगावर घ्या.

शब्दार्थ
गोणी – बोरी, थैला. शिफारस – सिफारिश. घाऊक – थोक. गढूळ – गदला. हप्ता – किस्त. कमतरता – कमी. गंधक – सल्फर. फवारणे – छिडकाव करणे.

स्वाध्याय
१. पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा या नद्यांचे पाणी गढूळ होते. घरात त्यात तुरटी फिरवतात. तुरटीच्या सूत्रात पोटॅशियम १, ॲल्युमिनियम १, गंधक २, ऑक्सिजन ८ आणि पाण्याचे १२ रेणू असतात. ॲल्युमिनियमचे अणुवस्तुमान २७ धरून तुरटीचे रेणुवस्तुमान काढा. १ किलो तुरटीत पाणी किती ग्रॅम?
२. जवळच्या दुकानात युरिया आणि अमोनियम सल्फेट यांच्या एकेका गोणीचा भाव विचारा. दोन्हींत १ किलो नत्र किती रुपयांना पडते?
३. घरातल्या किंवा शेजारच्या रिकाम्या गोणीवरचा मजकूर वहीत उतरवा. त्यातल्या प्रत्येक टक्क्यापुढे तो कशाचा आहे ते लिहा.